इथे भोकं झोपवून मिळतात

२ फेब्रुवारी

आजपासून रोज लिहायचं ठरवलंय. रोज म्हणजे जमेल तसं, माझं 'रोज' मला ठाऊक आहे. विम्याच्या कचेरीने आमची शाखा बंद केली तेव्हा निरोपादाखल ही जाडजूड डायरी हातात ठेवली होती. इतकी वर्षं राबले त्याचं हे फळ, तर निदान वापरून तरी टाकू.

थंडी सुरू होताना दादाकडे राहायला आले. किती दिवस राहणार, असं त्याने एका शब्दाने विचारलं नाही. म्हणूनच काहीतरी करून दाखवायला हवं, बसून खाल्लेलं मला पचत नाही.

दादा रफूगर. घराची पुढची खोली म्हणजे त्याचं दुकान. खिडकीशी टेबल, टेबलावर वाकलेला दिवा, गळ्यात दोरीने अडकवलेलं भिंग. कोटाला कसर लागू दे नाहीतर पँटला खिळा, दादा त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून चार धागे ओढून काढतो आणि उभे-आडवे विणत भोक नाहीसं करतो. बाहेरचा धागा कधी लावत नाही. "कितीही सारखा दिसला तरी एका धुण्यात उघडा पडतो," म्हणतो. काम झालं की त्या जागेवर दोन बोटांनी थोपटतो आणि पुटपुटतो, "झोपलं." एकट्या माणसाला अशा सवयी लागतात.

पण हल्ली फाटलं की लोक फेकून देतात. दुपारभर टेबल रिकामं असतं. तेव्हा आज त्याला म्हटलं, आपण वेबसाइट करू, मी कोर्स करून शिकलेय ते सगळं.

त्याने मान वर न करता विचारलं, "परगावी पण दिसेल?"

"जगात कुठूनही. फोनवर सुद्धा."

"पण शोधणाऱ्याला पत्ता ठाऊक लागेल ना?"

"काही नको. मनात येईल तो शब्द टाइप करायचा. तोच शब्द आपल्या पानावर असला की आपण दिसणार."

त्याने सुई खाली ठेवली. "मग करू या," म्हणाला.

मला वाटलं होतं आठवडाभर मनधरणी करावी लागेल. दादाला धंदा वाढवायची एवढी हौस असेल, असं स्वप्नातही आलं नव्हतं.

५ फेब्रुवारी

पान तयार झालं. दुकानाचा फोटो, वेळा, फोन नंबर, चौकशीचा फॉर्म. सगळं दादाने न बघता मान्य केलं आणि एकाच गोष्टीवर अडून बसला. वर मोठ्या अक्षरांत त्याचं वाक्य पाहिजे म्हणे: 'इथे भोकं झोपवून मिळतात.'

"शी, दादा! भोकं काय आणि झोपवून काय! छिद्रं तरी म्हण."

"भोकंच."

"लोक हसतील."

"हसू देत."

वाद घालण्यात अर्थ नव्हता. घातलं वाक्य. त्याने ते स्क्रीनवर दोनदा वाचलं, भिंग लावून.

इथे वहिनीचा फोटो भिंतीवर आहे, पण बटणचा एकही नाही. बटण म्हणजे दादाची मुलगी, माझी भाची. रांगत होती तेव्हा टेबलाखालची बटणं तोंडात घालायची म्हणून ते नाव पडलं. मी तेव्हा नोकरीपायी लांब होते, तिला वाढताना पाहिलंच नाही. मोठी झाली, दादाला न विचारता लग्न करून गेली, आणि दादा तिच्याशी बोलायचा बंद झाला. दोन वर्षांपूर्वी वहिनी गेली. बटणला निरोप उशिरा पोचला आणि ती आली तेव्हा सगळं आटोपलं होतं. दादा दारात उभा होता. "आता कशाला आलीस?" एवढंच म्हणाला. ती उंबऱ्यावरूनच फिरली. मग तिचा फोन लागेना, नंबर बदलला असावा. कुठे असते, कोणालाच ठाऊक नाही. दादा तिचं नावसुद्धा काढत नाही. दगडाचं काळीज आहे त्याचं. मी असते तर गावंच्या गावं पालथी घातली असती.

९ फेब्रुवारी

आता खरं काम. पान केलं म्हणजे झालं असं नाही, ते वर आलं पाहिजे. त्यासाठी माणसं नेमकं काय टाइप करतात ते कळायला हवं. या शब्दांना कीवर्ड म्हणतात आणि ते शोधून देणारी साधनं मिळतात. मी तीन निवडलीत, तिन्ही काही आठवडे फुकट वापरता येतात. त्यांना मी थोरली, मधली आणि धाकटी जाऊ अशी नावं ठेवलीत, कारण एका घरात राहून एकीचं दुसरीशी जमत नाही.

थोरली रुबाबदार. 'रफू' म्हटलं की महिन्याला किती जण शोधतात तो आकडा छातीठोक सांगते. मधलीला विचारलं तर तिचा आकडा निम्मा. दोघींचेही अंदाजच, पण कबूल कोण करतो! मधलीला माझ्या पानातल्या चुका काढायची भारी हौस: मथळा लांब, फोटोला नाव नाही, परिच्छेद आखूड. सगळीकडे लाल खुणा. धाकटी गरीब स्वभावाची. आकडे फारसे देत नाही, पण लोक काय काय विचारतात ते भराभर सांगते. 'कोटाला भोक पडलं तर काय करावं', 'रफू केलेलं दिसतं का'. एखाद्या शब्दाची तिला खबर नसली की निमूटपणे लिहिते: माहिती उपलब्ध नाही.

दादाला हे सगळं रंगवून सांगितलं. तो हसला. मग म्हणाला, "मॅडम, तुमच्या जावा भांडू देत. आलं का कोणी?"

"लगेच कसं येईल दादा? वेळ लागतो."

१६ फेब्रुवारी

दादा रोज विचारतो, आलं का कोणी. सकाळी चहा घेताना एकदा, दुपारी एकदा. मजा म्हणजे काल रस्त्यावरून दोन गिऱ्हाइकं आत आली, चांगले कोट घेऊन, तरी संध्याकाळी हा विचारतोच. मी म्हटलं, "आली की दोन!" तर म्हणे, "ती नव्हे गं. तुझ्या मशीनवरून." नव्या खेळण्याचं वेड लागलंय त्याला.

आज पहिला अहवाल उघडला. कोणते शब्द टाइप करून माणूस आपल्या पानावर पोचला ते त्यात दिसतं. तीनच ओळी होत्या. दोन ठीक, 'रफू' आणि 'रफू दुकान'. तिसरी वाचून हसून हसून पोट दुखलं: 'भोकं झोपवणारे बाबा'. हे कुठले नवे बाबा निघाले? कोणी अंगाऱ्याने आजार पळवतो, हे भोकं झोपवतात! दाताला भोक आहे, छपराला आहे की नशिबाला, कोण जाणे, बिचारं कोणीतरी अशा बुवा-बाबाच्या शोधात भटकत आमच्या दारात आलं. दादाच्या त्या वाक्यामुळे हे असं होतंय, मी आधीच म्हटलं होतं.

२० फेब्रुवारी

बाबांचे भक्त परत येऊन गेले. म्हणजे तीच ओळ, परत क्लिक. बघतात आणि काही न विचारता जातात. असं रिकामटेकडं येणंजाणं पानाला चांगलं नसतं. मधलीने त्यासाठी लाल खूण दिली आहे.

आज आणखी एक सुधारणा केली. फोनवर कोणी काहीही विचारलं तरी दादाचं एकच उत्तर असतं: "आणून दाखवा, बघू." कापड कुजलेलं असो, फाट हातभर असो, कोणालाही नाही म्हणत नाही. माणूस हेलपाटा घालून येतो आणि मग हा आपला भिंग लावून बसतो तासभर. हे धंद्याचं लक्षण नाही. फॉर्मवरच्या चौकशांसाठी मी तयार उत्तरं लिहून ठेवलीत: लहान छिद्रासाठी एक, मधल्यासाठी एक, मोठ्यासाठी एक. नेमकी, सभ्य, पटकन पाठवता येणारी.

२४ फेब्रुवारी

वाक्य काढलं.

तीनही जावांना एकेक करून विचारलं होतं: 'भोकं झोपवणे' किती जण शोधतात? थोरली म्हणाली शून्य. मधली म्हणाली शून्य. धाकटी म्हणाली माहिती उपलब्ध नाही, म्हणजे शून्यच की. तिघींचं एकमत झालेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

दादासमोर लॅपटॉप घेऊन बसले. "हे वाक्य जागा अडवतंय. तिथे 'कपड्यांना रफू, खात्रीशीर काम' असं घातलं तर आपण वर येऊ."

"काढायलाच हवं?"

"दादा, शून्य आहे."

"शून्य म्हणजे?"

"म्हणजे हे शब्द कोणी शोधत नाही."

त्याने भिंग लावून वाक्य परत एकदा वाचलं. "कोणीच नाही?"

"जगात कोणीच नाही."

"बरं," म्हणाला. "मग काढ."

ती बाबांची ओळ मी हिशेबात धरली नाही. ती चुकून आलेली.

जेवला नाही नीट. पोट बरं नाही म्हणाला.

२६ फेब्रुवारी

फॉर्मवर पहिली चौकशी! धावत जाऊन दादाला सांगणार होते, पण वाचून हिरमुसले. कोणा हौशी बाईने लिहिलंय असं वाटतं. नावाच्या जागी नुसती टिंबं. कापड कोणतं: 'घरचंच'. छिद्र केवढं: 'फार मोठं'. किती जुनं: 'दोन वर्षं. आधी छोटं होतं, मीच ओढून ओढून वाढवलं.' आणि खाली: 'एवढं मोठं भोक झोपवून मिळेल का?'

कापडाचं नाव लिहायचं सोडून काव्य केलंय. आपलं जुनं पान वाचलेलं दिसतंय, म्हणून ते झोपवून वगैरे. मी मोठ्या छिद्राचं तयार उत्तर पाठवलं: 'नमस्कार. एवढ्या मोठ्या व जुन्या फाटीला रफू होत नाही. असे कापड टाकून देऊन नवीन घेणे श्रेयस्कर. आमच्याकडे चौकशी केल्याबद्दल आभारी आहोत.'

संध्याकाळी दादाने विचारलं, आलं का कोणी? दोन दिवस विचारायचा थांबला होता, आज का कोण जाणे विचारलं.

"एक चौकशी होती, कटवली. फाट फारच मोठी होती."

"आणून दाखवा म्हणायचंस."

"सगळ्यांनाच काय आणून दाखवा! तुझ्या डोळ्यांकडे बघ जरा."

तो भिंग पुसायला लागला.

९ मार्च

आम्ही पहिल्या पानावर! 'रफू' शोधलं की चौथे दिसतो. या आठवड्यात लांबून लांबून फोन आले. मधलीच्या लाल खुणांपैकी जवळजवळ सगळ्या हिरव्या झाल्या. बाबांचे भक्तही गेले, ती ओळ अहवालातून पार पुसली गेली. घाण निघून गेली की पान कसं स्वच्छ दिसतं.

टेबलावर कपड्यांचा ढीग पडलाय. दादा मुकाट्याने काम करतो. थोपटतो, पण 'झोपलं' म्हणत नाही असं दोन-तीनदा लक्षात आलं. थकत असेल.

१५ मार्च

कसं लिहू.

दुपारी काम जरा ओसरलं होतं. दादाचा चेहरा उतरलेला बघून म्हटलं, याला हसवू. लॅपटॉप घेऊन त्याच्याशेजारी बसले आणि लोकांनी शोधताना घातलेले घोळ वाचून दाखवायला लागले. कोणी 'कोट खाणारा किडा नाव' शोधत आमच्याकडे आलेलं, कोणी 'बायकोला न कळता स्वेटर दुरुस्ती'. हसला. मग मी म्हटलं, "आणि सगळ्यात कडी म्हणजे आपल्याकडे एका बुवांचे भक्त यायचे. 'भोकं झोपवणारे बाबा'!"

मी हसत होते. बराच वेळ मी एकटीच हसत होते.

"काय म्हणालीस?"

परत वाचलं.

"कधी?"

"फेब्रुवारीत. दोन-तीनदा. दादा, काय झालं?"

सुई त्याच्या हातातून गळून ढिगात पडली. ती शोधायलाही वाकला नाही. "अगं, बाबा म्हणजे बुवा नव्हे," म्हणाला. "बाबा म्हणजे मी."

मग त्याने सांगितलं. बटण तीन वर्षांची असेल. फ्रॉकला भोक पडलं म्हणून रडत आली, म्हणाली त्याला दुखतंय. दादा म्हणाला, थांब, आपण त्याला झोपवू. विणून झाल्यावर थोपटलं आणि सांगितलं, झोपलं बघ. तेव्हापासून घरातलं प्रत्येक भोक तिच्यासमोर झोपवावं लागायचं. शाळेत बाईंनी विचारलं, तुझे वडील काय करतात, तर उभी राहून म्हणाली, माझे बाबा भोकं झोपवतात. सगळा वर्ग हसला, हिने मान खाली घातली नाही.

"ते शब्द तिच्याखेरीज कोणाला ठाऊक नाहीत," दादा म्हणाला. "म्हणून तर लावली होती पाटी. तूच म्हणालीस ना, मनात येईल तो शब्द टाइप करायचा. मला गिऱ्हाईक कशाला हवं होतं गं?"

माझ्या डोक्यात तो फॉर्म लख्ख उभा राहिला. घरचंच. दोन वर्षं. मीच ओढून ओढून वाढवलं. मला सांगावंच लागलं. तो म्हणाला, वाच. वाचलं. मग म्हणाला, "तू काय उत्तर दिलंस ते वाच."

तेही वाचलं. शेवटपर्यंत, आभारी आहोतपर्यंत.

चिडला असता तर बरं झालं असतं. दोन थोबाडीत दिल्या असत्या तरी चाललं असतं. तो म्हणाला, "कामाच्या दृष्टीने बरोबरच लिहिलंयस."

मी ओक्साबोक्शी रडले. तोच माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिला.

१६ मार्च

सकाळी दादा म्हणाला, उत्तर लिही. मी माफीचं लांबलचक पत्र मनात तयार ठेवलं होतं: आत्याची चूक, तुझे बाबा वाट बघतायत, सगळं. त्याने सांगितलं, "एवढंच लिही. आणून दाखव, बघू."

"आणि खाली नाव?"

"नको. कळेल तिला."

पाठवलं. त्याच्यामागून मी माझंही पाठवलं, त्याला न सांगता. मग वाक्य परत जागेवर घातलं, सगळ्यात वर, सगळ्यात मोठं. मधलीने पुन्हा लाल खुणांचा पाऊस पाडला. पाडो.

२३ मार्च

उत्तर नाही.

काढलेलं वाक्य परत शोधात दिसायला वेळ लागतो. काढताना मात्र किती पटकन पुसलं गेलं होतं. तिने पुन्हा शोधलं असेल आणि काहीच सापडलं नसेल. किंवा पान उघडलं असेल आणि वाक्याच्या जागी 'खात्रीशीर काम' वाचलं असेल. आधी आत्याचं उत्तर, वर हे. बापाने दुसऱ्यांदा दार लावलं असं वाटलं असेल पोरीला. पहिल्यांदा तरी तो स्वतः दारात उभा होता. या वेळी मी होते, आणि मला ठाऊकही नव्हतं.

दगडाचं काळीज, असं मी त्याच्याबद्दल या डायरीत लिहून ठेवलंय. खोडावंसं वाटलं, पण नाही खोडलं.

४ एप्रिल

उत्तर नाही. मी आणखी चारदा लिहिलं. फॉर्ममधला तिचा ईमेल पत्ता चालू आहे की तिने तोही बदलला, समजायला मार्ग नाही.

कामाचे फोन येतच असतात. दादा सगळ्यांना सांगतो, आणून दाखवा, बघू. आणि दिवसातून दोनदा मला विचारतो, आलं का कोणी. आता मला त्या तीन शब्दांचा अर्थ ठाऊक आहे. नुसती मान हलवते.

१२ एप्रिल

आज अहवाल उघडला. ती ओळ. 'भोकं झोपवणारे बाबा'. एक क्लिक, कालचा.

खुर्ची मागे पडली तरी थांबले नाही, धावत पुढच्या खोलीत गेले. दादा खिडकीशी पाठमोरा बसला होता. हातात सुई नव्हती, फोन होता. भिंग फोनवर धरून एका बोटाने एकेक अक्षर दाबत होता. 'भोकं' झालं होतं. 'झोपव' चाललं होतं. जोडाक्षर नाही म्हणून बरं, नाहीतर त्याला ते जमत नाही.

माझी चाहूल लागली तसा वळला. चेहरा उजळलेला. "हे बघ गं, दिसतंय! कालही दिसलं होतं. सगळ्यात वर आपणच. पहिला नंबर!"

"हो दादा," मी म्हटलं. "पहिला नंबर."

नसायला काय झालं? दुसऱ्या कोणाकडे ते शब्दच नाहीत. परत जाऊन तिन्ही जावांना विचारलं. या वेळी नंबराबाबत तिघींचं एकमत: पहिला. किती जण शोधतात? थोरली, शून्य. मधली, शून्य. धाकटीचं उत्तर फेब्रुवारीत होतं तेच: माहिती उपलब्ध नाही. शून्य आणि माहिती नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मला कोर्समध्ये शिकवलं होतं ते. तरी मी दादाला बेधडक सांगितलं होतं, जगात कोणीच नाही.

फुकटची मुदत या आठवड्यात संपतेय. थोरलीला आणि मधलीला निरोप दिला. धाकटी ठेवली.

संध्याकाळी दादा दिवा लावून कोट पुढ्यात घेऊन बसला होता. "मग?" म्हणाला. "आलं का कोणी?"

तो क्लिक त्याचाच होता, हे मी सांगितलं नाही. म्हटलं, "माहिती नाही, दादा."

त्याने भिंग खाली केलं. "माहिती नाही म्हणजे? शून्य नाही ना?"

"नाही. शून्य म्हणत नाहीये."

"मग उद्या परत बघ," तो म्हणाला, आणि कोटाच्या आतल्या शिवणीतून धागा ओढायला लागला.